वाचकांचे प्रश्न : जीवाश्मांच्या शोधात गोव्याबाहेर

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवते. आमच्या एका विद्यार्थ्याला बंद पडलेल्या खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर एक चपटा दगड सापडला. त्याच्या एका अंगावर नेच्याच्या पानासारखी काळी, नाजूक नक्षी आहे. छायाचित्र सोबत जोडले आहे. हा जीवाश्म आहे का? तेव्हापासून मुलांनी जीवाश्म गोळा करण्याचा ध्यास घेतला असून, अकरावी-बारावीच्या मुलामुलींना घेऊन एक अभ्याससहल काढावी असे मनात आहे. गोव्यात अशी जागा कुठे आहे? नसल्यास बाहेर कुठे जावे, कोणत्या दिवसांत जावे आणि तयारी कशी करावी?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : छायाचित्रातील नक्षी सुरेख आहे, परंतु ती पानाची नाही. दगडातील बारीक भेगेत मँगनीजयुक्त पाणी झिरपते आणि भेगेच्या पृष्ठभागावर मँगनीजची ऑक्साइडे फांद्या फुटत गेल्याप्रमाणे साचत जातात. अशा नक्षीला डेंड्राइट म्हणतात. भिंग घेऊन नीट पाहा. खऱ्या नेच्याच्या पानाला मधली शीर असते, तिच्यापासून दोन्ही बाजूंना ठरावीक अंतराने पर्णिका फुटलेल्या असतात आणि प्रत्येक पर्णिकेत पुन्हा बारीक शिरा दिसतात. तुमच्या दगडावर फांद्या कशाही फुटल्या आहेत, त्यांना शिरा नाहीत, आणि सगळी नक्षी दगडाच्या कडेपासून आत सरकत गेली आहे, म्हणजे पाणी जिथून शिरले तिथूनच ती वाढली आहे. लोह आणि मँगनीज यांच्या खाणींचा प्रदेश असल्यामुळे आपल्याकडे असे दगड बरेच सापडतात. त्या विद्यार्थ्याला मात्र निराश करू नका. वाटेवरचा दगड उचलून, त्याची दुसरी बाजू पाहून, तो शिक्षकांकडे घेऊन येणारा मुलगा सहलीत सर्वांत उपयोगी पडतो.

गोव्यात शंखशिंपल्यांचे किंवा हाडांचे प्राचीन जीवाश्म मिळण्याची आशा ठेवू नये, आणि याचे कारण मुलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावे. राज्याचा बहुतेक भाग ज्या खडकांचा बनला आहे, ते साधारण २५० कोटी वर्षांच्या घरातले किंवा त्याहूनही जुने आहेत. कवच असलेले प्राणी समुद्रात विपुल झाले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपले खडक तयार झाले तेव्हा शिंपला नावाची वस्तूच पृथ्वीवर नव्हती. शिवाय हे खडक पुढे दाब आणि उष्णता यांनी रूपांतरित झाले. सत्तरीच्या ईशान्य टोकाला दख्खनचा बेसॉल्ट पोहोचतो, पण तो लाव्हारसापासून झालेला खडक आहे. सड्यांवर पसरलेला जांभा तर मूळ खडक पाऊसपाण्याने झिजून, त्यातले बरेच काही वाहून गेल्यावर उरलेला भाग आहे. चिऱ्यांतून दिसणाऱ्या वाकड्यातिकड्या नळ्यांना अनेकजण किड्यांची बिळे समजतात. त्याही बहुतांशी या झिजेतूनच झालेल्या असतात. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यावर कोरलेल्या आकृती माणसाच्या हातच्या आहेत. त्या अवश्य दाखवा, पण त्यांचा विषय वेगळा.

आता बाहेर कुठे जावे हा प्रश्न. जवळचे ठिकाण हवे असेल तर बेळगावच्या पलीकडे, बागलकोटच्या बाजूला कलादगी समूहाचे चुनखडक आणि डोलोमाइट आहेत व त्यांत स्ट्रोमॅटोलाइट दिसतात. सूक्ष्मजीवांच्या थरांवर गाळ साचत जाऊन हे थर बनले आहेत. पाहण्यास ते फार मोलाचे, परंतु ते खडकातच राहू द्यावेत. हातात घेऊन घरी आणण्यासारखे त्यात काही नाही. मुलांना स्वतःच्या हातांनी उचलता येईल असे काही हवे असेल, तर माझ्या मते दोनच प्रदेशांचा गंभीरपणे विचार करावा : तामिळनाडूतील पेरांबलूर-अरियलूरचा पट्टा आणि गुजरातमधील कच्छ.

पहिल्या सहलीसाठी मी निःसंकोचपणे पेरांबलूर जिल्ह्यातील कारै गावाची शिफारस करीन. क्रिटेशियस काळात, साधारण ११ ते ९ कोटी वर्षांपूर्वी, हा भाग समुद्राखाली होता. त्या समुद्रतळाचा चिखल आज उघडा पडला आहे आणि पावसाने त्यात इतक्या घळी कोरल्या आहेत की मैलभर पिवळसर-करड्या, झाडे नसलेल्या टेकड्याच दिसतात. या भागातील जीवाश्मांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी येथील थरांचे वर्णन केले आणि १८६२ मध्ये भारतात आलेले फर्डिनांड स्टोलिझ्का यांनी येथील सागरी जीवांवर मोठे काम केले. कारैचा विशेष गुण असा की तिथे दगड फोडावा लागत नाही. पावसाळ्यात माती वाहून जाते आणि जीवाश्म पृष्ठभागावर उरतात.

तिथे सर्वांत जास्त मिळतो तो बेलेम्नाइट. हा माखल्यांच्या दूरच्या नातलगांपैकी एका नामशेष प्राण्याच्या शरीरातला कठीण भाग. बोटाएवढा, एका टोकाला निमुळता, मधासारख्या तपकिरी रंगाचा, बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा. तो सहसा मोडलेलाच मिळतो आणि ते बरेच आहे, कारण मोडलेल्या तोंडावर केंद्रापासून बाहेर जाणारे कॅल्साइटचे तंतू आणि त्यांना छेदणारी वाढीची वर्तुळे स्पष्ट दिसतात. त्याच मातीत जिप्समच्या चमकदार, तंतुमय पट्ट्याही विखुरलेल्या असतात व नवखी मुले त्यांनी पिशव्या भरतात. ओळखण्याची खूण सोपी आहे : जिप्समवर नखाने ओरखडा उठतो, बेलेम्नाइटवर उठत नाही. गाळाच्या गोल गाठी दिसल्या तर त्यांकडेही लक्ष द्यावे, कारण काहींच्या पोटात अमोनाइट, म्हणजे चक्राकार कवचाचा एक नामशेष सागरी प्राणी, असतो. याच जिल्ह्यातील कुन्नम येथे २०२० मध्ये तलावाच्या खोदकामात असे गोल दगड निघाले, तेव्हा ती डायनासोरची अंडी असल्याची वार्ता देशभर पसरली होती. तज्ज्ञांनी पाहिल्यावर ते अमोनाइटशी संबंधित गोळे असल्याचे स्पष्ट झाले. कारैपासून फार दूर नसलेल्या सात्तनूर येथे अश्मीभूत झाडाचे १८ मीटरहून लांब खोड आहे. एम. एस. कृष्णन यांनी १९४० मध्ये त्याची नोंद केली होती. आज ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, म्हणून तिथून तुकडाही उचलू नये.

कच्छ अधिक भव्य आणि अधिक कठीण. जुमारा, झुरा, हबो अशा ठिकाणी थर वर उचलले जाऊन घुमटाकार टेकड्या झाल्या आहेत आणि वरचा भाग झिजल्यामुळे मध्यभागी सर्वांत जुने थर व कडेकडे नवे थर उघडे पडले आहेत. म्हणजे मध्यापासून बाहेर चालत गेले की आपण काळातही पुढे सरकतो. जुरासिक काळातील, साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचा धोसा ओलाइट नावाचा तपकिरी, बारीक गोल कणांनी भरलेला पातळ थर अमोनाइटसाठी प्रसिद्ध आहे. परंतु अंतरे मोठी, सावली नाही, पाणी नाही, आणि काही भाग सीमेलगत असल्यामुळे पोलिसांची परवानगी लागते. शाळेच्या मुलांना मी दुसऱ्या खेपेलाच तिकडे नेईन.

दिवस ठरवताना गोव्याच्या सुट्ट्यांकडे पाहून चालत नाही. आपल्याला चतुर्थीची आणि दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण तामिळनाडूत खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पडतो. ओल्या कारैच्या चिखलात पाऊल टाकणेही अवघड होते. मे महिन्यात उन्हामुळे सकाळी दहानंतर काम अशक्य. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा उत्तम काळ होय : पावसाने नुकतेच नवे नमुने उघडे केलेले असतात आणि हवा सहन होण्यासारखी असते. जानेवारीच्या मध्याला पोंगल असतो, ते तीन-चार दिवस टाळावेत, कारण गावात वाहन आणि सोबती मिळत नाहीत. कच्छसाठी नाताळची सुट्टी हवामानाच्या दृष्टीने योग्य आहे, परंतु त्याच दिवसांत रणोत्सवाची गर्दी असते, तेव्हा भूजमधील मुक्काम बरेच आधी ठरवावा. वास्को किंवा मडगावहून बेंगळुरूपर्यंत आणि तिथून रात्रीच्या गाडीने तिरुचिरापल्लीला जाता येते. तिथे मुक्काम ठेवून भाड्याच्या गाडीने कारैला जाणे सोयीचे. कच्छसाठी नागरकोइल–गांधीधाम ही आठवड्यातून एकदा धावणारी गाडी मडगावहून मिळते.

जमीन कोणाची, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. खाजगी शेत असेल तर मालकाची, सरकारी असेल तर गावच्या महसूल अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती शाळेच्या पत्रावर, लेखी घ्यावी. राखीव जंगलातून काहीही उचलू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातील दगड, खनिज आणि मातीसुद्धा वनोपजात मोडते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तामिळनाडूचा वन कायदा स्वतंत्र आहे, पण राखीव जंगलाबाबत तोही तितकाच कडक आहे. सिमेंटसाठी चुनखडक काढणाऱ्या खाणींत सुंदर जीवाश्म मिळतात, परंतु व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय आणि त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. खाणीच्या कड्याखाली उभे राहण्याचा धोका डिचोलीच्या मुलांना वेगळा सांगायला नको.

नकाशांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ‘भूकोश’ हे संकेतस्थळ वापरावे. त्यावर १ : ५०,००० प्रमाणाचे भूवैज्ञानिक नकाशे पाहता येतात. मुलांनी महिनाभर आधी त्या नकाशावर कारैचे थर रंगवून काढले, तर प्रत्यक्ष जागेवर त्यांचे डोळे आधीच तयार झालेले असतात. तिरुचिरापल्ली किंवा पेरांबलूर येथील एखाद्या महाविद्यालयातील भूविज्ञानाच्या प्राध्यापकांना आधी पत्र लिहावे. तमिळ जाणणारा, जागा ओळखणारा माणूस बरोबर असणे हीच या सहलीची सर्वांत मोठी तयारी आहे. आपल्याकडे मडगावच्या चौगुले महाविद्यालयात भूविज्ञान विभाग आहे आणि ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे. तिथे एक दुपार घालवून बेलेम्नाइट, अमोनाइट, ब्रॅकिओपॉड (दोन झडपांच्या कवचाचे सागरी जीव) यांचे नमुने मुलांना हाताळायला मिळाले तर फार चांगले.

सामानाची यादी लहान ठेवा. प्रत्येकी किमान चार ते पाच लिटर पाणी, मीठ-साखरेची पाकिटे, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, घोट्यापर्यंतचे बूट. दहापट भिंग दोघांत एक पुरते. भूवैज्ञानिक हातोडा केवळ शिक्षकांकडे असावा. सुताराचा हातोडा दगडावर मारू नये, कारण त्याच्या पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. हातोडा चालवणाऱ्याने आणि जवळ उभे असलेल्याने संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे. कारैच्या घळी एकमेकींसारख्या दिसतात आणि आत उतरल्यावर गाडी कुठल्या दिशेला आहे हे कळेनासे होते. चार-चार जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एक शिट्टी द्या आणि दर तासाला ठरलेल्या जागी सर्वांनी जमावे असा नियम करा. मुलींच्या सोयीचा विचार नियोजनाच्या वहीत पहिल्या पानावर असावा : तिथे आडोसाही नाही आणि स्वच्छतागृहही नाही, म्हणून जवळच्या गावातील शाळेशी आधी बोलून दुपारची विश्रांती तिथेच ठेवावी.

सर्वांत जास्त आग्रह मी ज्या गोष्टीचा धरीन, ती म्हणजे नोंद. कुठून आणला हे सांगता येत नसलेला बेलेम्नाइट शोभेच्या कपाटात ठेवता येतो, पण त्याच्याकडून पुढे काही शिकता येत नाही. नमुना उचलण्यापूर्वी तो जागेवर असतानाच, शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे. मग चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, गावाचे नाव, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, शोधणाऱ्याचे नाव आणि एका प्रश्नाचे उत्तर लिहावे : हा थरात रुतलेला होता की मोकळा पडलेला? घळीच्या तळाशी मोकळा पडलेला नमुना वरच्या कुठल्याही थरातून घरंगळत आलेला असू शकतो, म्हणून हा भेद फार महत्त्वाचा आहे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, म्हणजे ओलीने अक्षर पसरत नाही. नमुना वर्तमानपत्रात गुंडाळून चिठ्ठीसह पिशवीत ठेवावा आणि तोच क्रमांक पिशवीवरही घालावा. संध्याकाळी मुक्कामावर, जेवणापूर्वी, सर्व चिठ्ठ्या एका वहीत उतरवाव्यात. दुसऱ्या दिवशीवर ढकललेले हे काम कधीच पुरे होत नाही. फुटलेले नमुने जोडण्यासाठी जागेवरच गोंद लावू नका. तुकडे एकत्र बांधून आणा, जोडणी तज्ज्ञांना विचारून घरी करता येते.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून येत्या हिवाळ्यात कच्छला जाणार आहोत. मोबाइलची रेंज नसेल म्हणून परदेशात राहणाऱ्या भाच्याने उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र पाठवले आहे. ते आणि हातोडा-छिन्नी विमानातून नेता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : यंत्र घरी ठेवा. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशी गिर्यारोहकांच्या याद्यांत ती पहिल्या क्रमांकावर असतात, पण गोव्याच्या विमानतळावरच अशी यंत्रे बाळगणाऱ्या प्रवाशांना अडवून त्यांच्यावर कारवाई झालेली आहे, आणि कच्छ तर सीमावर्ती जिल्हा आहे. हातोडा व छिन्नी केबिनमध्ये नेता येत नाहीत. ती सामानकक्षात द्यावयाच्या पेटीत, कापडात गुंडाळून ठेवावीत.

रेंज नसलेल्या भागात खरी सुरक्षा माणसांची असते. भूजमधील लॉजवर आणि शेवटच्या गावातील एखाद्या दुकानदाराकडे आपण कुठे जात आहोत व किती वाजेपर्यंत परतणार आहोत, हे लिहून द्या. स्थानिक चालक घ्या आणि नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. फुरशाची ओळख आपल्या कोकणपट्टीला आहेच. ते कच्छमध्येही आहे आणि दगडाखाली दबा धरून बसते. म्हणून दगड उलटायचा असेल तर काठीने आणि आपल्या बाजूला उचलून उलटावा, म्हणजे दगडाचा आडोसा आपल्या आणि सापाच्या मध्ये राहतो. सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, याची चौकशी भूजमध्येच करा. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक गुजरातमध्येही चालतो.

प्रश्न : जीवाश्म घरी आणणे मुळात योग्य आहे का? प्रत्येक सहलीने पिशव्या भरून आणल्या तर पुढच्यांना काय उरेल?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, आणि तिचे उत्तर जीवाश्मागणिक वेगळे आहे. कारैच्या पृष्ठभागावर मोकळा पडलेला मोडका बेलेम्नाइट पावसापाण्यात हळूहळू झिजून, फुटून नाहीसा होणार असतो. तो परवानगीने, नोंदीसह उचलला तर शास्त्राचे नुकसान होत नाही. थरात रुतलेला अखंड अमोनाइट मात्र जागेवर राहावा. हाड, दात, अंडे किंवा कवटी यांचा संशय जरी आला तरी हात लावू नये : छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवावे. गुजरातमधील रैयोली येथील डायनासोरची स्थळे किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा यांसारख्या जागी हाडांचा प्रत्येक तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी पडला होता, यावर सगळा अभ्यास उभा असतो. एक मणका कोणी खिशात घातला की त्या प्राण्याचे उरलेले शरीर अपुरे राहते.

विकत घेण्याविषयी माझे मत अधिक ठाम आहे. हिमालयातील स्पितीच्या गावांत लहान मुले पर्यटकांना अमोनाइट विकायला आणतात. त्या मुलांविषयी कणव वाटणे स्वाभाविक आहे, पण आपण दिलेला प्रत्येक रुपया आणखी एक थर खणून काढण्याचे आमंत्रण ठरतो, आणि हाती येणाऱ्या दगडाला ठिकाण नसते. घेऊ नये.

शाळेच्या सहलीसाठी मी अशी मर्यादा सुचवीन की प्रत्येक गटाने मिळून पाचांहून अधिक नमुने आणू नयेत. मग कोणता ठेवायचा आणि कोणता जागेवर सोडायचा, यावर मुलांना आपसात वाद घालावा लागतो व तो वाद घालताना ती प्रत्येक नमुना खरोखर पाहतात. आणलेले नमुने विद्यार्थ्यांच्या घरी वाटून देऊ नका. ते शाळेच्या प्रयोगशाळेत नोंदवहीसह एकत्र ठेवा आणि त्या नोंदवहीची एक प्रत ज्या प्राध्यापकांनी जागा दाखवली त्यांना पाठवा. त्यांना एखादा नमुना अभ्यासासाठी हवा असेल तर तो परत द्यावा लागेल, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.